डाव्या बाजूचा दोष

६ सप्टेंबर, शनिवार

तीन आठवडे झाले, मुस्तकीमने पाठवलेला इअरफोनांचा डबा टेबलावर पडून आहे आणि मी तो उघडलासुद्धा नाही. आज त्याचा मेसेज आला (मला तो मलय रीतीने बांग, म्हणजे दादा, म्हणतो): बांग, काही कमी-जास्त वाटलं तर कळवा, घाई नाही. घाई नाही असं तो लिहितो, पण नोव्हेंबरच्या प्रदर्शनात इअरफोनांचा दुकानदार देसिगन त्याला आपल्या गाळ्यात जागा देणार की नाही, हे माझ्या परीक्षणावर ठरणार आहे. देसिगनने मला तसं तोंडावर सांगितलंय: क्वेक, म्हणजे मी, म्हणेल तसं. म्हणजे पलीकडे मलेशियात, जोहोरमधला एक माणूस दवाखान्यातली पक्की नोकरी सोडून घरात इअरफोन बनवायला बसलाय, त्याचं पुढचं सगळं माझ्या टेबलावर अडकलंय, आणि मी संध्याकाळी फुटबॉलचे जुने सामने बघतोय. लाज वाटली. म्हणून ही वही काढली. रोज काय केलं ते लिहावं लागलं तर थोडं तरी काम होईल.

मी नोकरीने लिफ्ट तपासणारा. वय त्रेपन्न. सिंगापुरात मला कुत्रं विचारत नाही, पण कानात घालायच्या इअरफोनांचं वेड लागलेली जी काही हजार माणसं या शहरात आहेत, ती इंटरनेटवरची माझी यादी बघितल्याशिवाय काही विकत घेत नाहीत. आवाज, आराम, टिकाऊपणा, असे तीन रकाने. बारा वर्षं झाली. पेक हून म्हणते, एवढं लक्ष देऊन माझं ऐकलं असतंस तर संसार सुखाचा झाला असता. बायकोच ती, म्हणणारच.

७ सप्टेंबर, रविवार

डबा उघडला.

मुस्तकीमची जोडी माझ्याच कानांच्या मापाची आहे. जुलैमध्ये त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा त्याने दोन्ही कानांत कणकेसारखा गुलाबी लगदा भरून साचा घेतला. दातांत लाकडी ठोकळा धरायचा आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम. मला गप्प बसता आलं नाही, त्यामुळे डावा साचा बिघडला आणि दुसऱ्यांदा घ्यावा लागला. तो हसला फक्त. बावीस वर्षं त्याने कमी ऐकू येणाऱ्या लोकांसाठी असे साचे घेतलेत, मशीनवर त्यांचे कान तपासलेत. माझ्यासारखे बडबडे पुष्कळ पाहिले असणार.

शेजारी तुलनेला तीन जोड्या ठेवल्यात, तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या, देसिगनकडून उसन्या. पहिलीचा खर्ज इतका फुगलेला की गाणारी बाई पिंपात उभी आहे असं वाटतं. दुसरीचा आवाज स्वच्छ, पण तासाभरात कानाची पाळी दुखायला लागते. तिसरीचं काही वाईट नाही आणि लक्षात राहावं असंही काही नाही.

मुस्तकीमची जोडी कानात घातली आणि पहिल्या गाण्यातच गप्प झालो. झांजांचा शेवटचा किणकिणाट विरत विरत कुठे संपतो ते ऐकू येत होतं. डावीकडे बसलेला ढोलकवाला आणि उजवीकडचा पेटीवाला यांच्यात किती हात अंतर आहे ते सांगता आलं असतं. हे मी कुणाला इतक्यात सांगणार नाही. आधी सगळं तपासून होऊ दे.

१० सप्टेंबर, बुधवार

तीन दिवस कामावर जाता-येता, जेवताना, जांभया देताना मुस्तकीमची जोडी कानात. जांभई आली की बहुतेक इअरफोन सैल होतात. हे हलले नाहीत. दुपारी नूडल्स खाताना कानात काही आहे हेच विसरलो आणि दुकानदारीणबाई काय विचारतेय ते कळेना म्हणून तिच्यावरच खेकसलो. आरामात पैकीच्या पैकी.

टिकाऊपणासाठी माझी पद्धत कुणाला आवडत नाही. वायर चारशे वेळा वाकवायची, जोडी दिवसभर किल्ल्यांबरोबर खिशात टाकायची, घामाने चिंब झालेला शर्ट तिच्यावर घालून ठेवायचा. मुस्तकीमच्या जोडीला ओरखडासुद्धा नाही. बाकीच्या तिन्ही जोड्या आज देसिगनला परत करून आलो. आता लिहायचं तेवढं बाकी.

११ सप्टेंबर, गुरुवार

मुस्तकीमचं नशीब खोटं.

सकाळी उठलो तर डावा कान दडे बसल्यासारखा, आत बारीक शिट्टी. सर्दीचा जोर असेल किंवा खोलीतल्या थंड हवेच्या यंत्राचा आवाज असेल. चहा घेऊन जोडी कानात घातली आणि लगेच कळलं की डावी बाजू गेली. आवाज येतोय, पण दबलेला, पातळ; झांजा नाहीतच. ढोलकवाला उठून उजवीकडे जाऊन बसलाय.

मी घाईत निष्कर्ष काढणारा माणूस नाही. वायरी उलटसुलट लावून बघितल्या, डावीची उजवीला, उजवीची डावीला. तरी डावी बाजूच मंद. म्हणजे वायर ठीक, प्लेअर ठीक. नवशिक्यांना मी नेहमी सांगतो, शंका आली की डावा-उजवा बदलून कानात घाला. पण ही जोडी मापाची. डाव्याचा आकार उजव्या कानात जातच नाही. राहता राहिला डावा इअरफोन. आतला पडदा गेला असणार.

खात्रीसाठी माझी जुनी जोडी काढली. तिचीही डावी बाजू जरा मंद वाटली, पण ती सहा वर्षांची, जाळीत मळ साचलेला. तिच्याकडून काय अपेक्षा ठेवणार.

पाच दिवसांत डावी बाजू गेली. आवाज उत्तम, आराम सर्वोत्तम, टिकाऊपणा शून्य. इतकं छान काम आणि असा शेवट. खरंच वाईट वाटलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

परीक्षण टाकलं. पेक हून म्हणाली, आधी त्या माणसाला सांग तरी. मी म्हटलं, बनवणाऱ्याला विचारून लिहायला लागलो तर माझ्या यादीला अर्थ काय? बोललो रुबाबात. खरं कारण वेगळंच होतं, ते इथे लिहितो: तीन आठवडे त्याचा डबा उघडला नाही म्हणून त्याच्याशी बोलायचं तोंड नव्हतं. एकदम निकालच लावून टाकणं सोपं होतं.

शेवटचं वाक्य मी असं लिहिलं: "हातकामाचं कौतुक आहे, पण पाच दिवसांत बहिरी होणारी वस्तू कुणी का घ्यावी?" ते वाक्य सुचलं तेव्हा मी खुर्चीत एकटाच हसलो होतो. हेही लिहून ठेवतो.

१४ सप्टेंबर, रविवार

ते वाक्य लोकांना फार आवडलं. जो तो तेच पुढे पाठवतोय. ज्यांनी मुस्तकीमकडे जोडी मागवली होती त्यातल्या अकरा जणांनी ती रद्द केल्याचं माझ्या परीक्षणाखालीच लिहिलंय, मला धन्यवाद देऊन. देसिगनचा फोन आला. म्हणाला की प्रदर्शनात आता दुसऱ्या कुणाला तरी बसवतो. त्याचा आवाज फार लांबून येत होता, तीनदा विचारावं लागलं. शेवटी फोन दुसऱ्या कानाला लावला.

जोडी कुरिअरने परत पाठवली. सोबत चिठ्ठी लिहावी असं मनात होतं, पण काय लिहावं ते सुचलं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

मुस्तकीमचा मेसेज. जसाच्या तसा उतरवतो.

"बांग, जोडी मिळाली. यंत्रावर लावून बघितली, दोन्ही बाजू सारख्या आहेत. मी हे कुठे जाहीर बोलणार नाही, काळजी करू नका. एक विनंती आहे. डावा कान डॉक्टरांना दाखवा. आज नाहीतर उद्या, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. यात एकेक दिवस महत्त्वाचा असतो. दवाखान्यात मी अशी माणसं बघितली आहेत."

वाचून डोक्यात तिडीक गेली. माल याचा खराब आणि दोष माझ्या कानाला! बारा वर्षं या कानांवर माझी पत उभी आहे. त्याचा मेसेज होता तसा यादीखाली चिकटवला आणि वर लिहिलं: "कारागिराचं म्हणणं आहे की दोष माझ्यातच आहे."

२० सप्टेंबर, शनिवार

तीन दिवस हशा चाललाय. कुणी कान साफ करायच्या काड्यांचे फोटो टाकतंय, कुणी मुस्तकीमच्या नावाने डॉक्टरची पाटी बनवलीय. एकाने लिहिलं की हा आता इअरफोनऐवजी औषधं विकणार. मुस्तकीमने एका शब्दाने उत्तर दिलेलं नाही. तो भांडला असता तर बरं वाटलं असतं.

पेक हूनने जेवताना विषय काढला. "माणसाने कळवळून लिहिलंय आणि तू त्याचा तमाशा मांडलास," ती म्हणाली. "उद्या जाऊन कान दाखवून ये." मी म्हटलं, सर्दी आहे, उतरली की होईल. ती म्हणाली, नऊ दिवस नाक वाहिलेलं मी तरी बघितलं नाही. मी वाटी पुढे ओढली. सूपही गार झालं होतं.

तमाशा हा शब्द मनातून जात नाही. पण आता मेसेज काढून टाकला तर लोक म्हणतील क्वेक घाबरला. राहू दे.

२८ सप्टेंबर, रविवार

विशेष काही नाही. कामावरचा मुकादम हल्ली फार पुटपुटत बोलतो. सगळेच पुटपुटतात. कानातली शिट्टी चालूच आहे, थंड हवेचं यंत्र बंद केलं तरी.

४ ऑक्टोबर, शनिवार

दुपारी देसिगनच्या दुकानात गेलो. नवीन माल आला होता, साधे रबरी टोपणांचे इअरफोन, कुणाच्याही कानात बसणारे. तीन गिऱ्हाइकं माझ्याभोवती उभी होती. एक नवशिका पोरगेला मास्तर होता, तो वहीत लिहून घ्यायला तयारच. मी जोडी घातली.

डावी बाजू मंद.

मी देसिगनला म्हणणारच होतो की या नगात दोष आहे. तेवढ्यात तो मास्तर अदबीने म्हणाला, "सर, तुम्ही नेहमी सांगता ना, डावा-उजवा बदलून बघा म्हणून?"

बदलला. डावा उजव्या कानात, उजवा डाव्या कानात.

डावी बाजूच मंद.

काढला, पुन्हा घातला. दुसरी जोडी मागितली. डावी बाजू मंद. तिसरी. देसिगन म्हणाला, काय रे, काय झालं? मी म्हटलं, "काही नाही, चांगल्या आहेत तिन्ही." मास्तरने वहीत लिहून घेतलं: तिन्ही चांगल्या. मी त्याला लिहू दिलं आणि दुकानातून बाहेर पडलो.

घरी येऊन न्हाणीत दार लावून बसलो. पेक हूनला सांगितलं नाही.

६ ऑक्टोबर, सोमवार

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाची असेल. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबायचं. उजव्या कानाला दाबत गेलो. डाव्याची पाळी आली तेव्हा बराच वेळ काहीच होईना, मला वाटलं यंत्र बंद पडलं. काचेपलीकडे तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं, तेव्हा समजलं की आवाज केव्हाचे येताहेत.

कागदावर दोन रेषा. उजवी सरळ जाते. डावी अर्ध्यावर येऊन खाली कोसळते, जिथे झांजा असतात तिथे.

तिने विचारलं, हे कधीपासून? मी म्हटलं, नक्की आठवत नाही. आणि खिशात ही वही होती. अकरा सप्टेंबर, सकाळ, चहाच्या वेळी.

तिने समजावून सांगितलं. कान असा अचानक जातो, कधी कधी कारणही सापडत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झालं तर पुष्कळांचा बराचसा परत येतो. उशीर झाला की आशा कमी. औषध देते म्हणाली, कानात इंजेक्शनंही देते, पण फार भरवसा ठेवू नका. मग म्हणाली, "तुम्हाला आधी कुणी सांगितलं नाही का, की लगेच या म्हणून?"

मी म्हटलं, नाही.

मुस्तकीमचा मेसेज आला तो सातवा दिवस होता. आज सव्विसावा. ज्या माणसाची मी गावभर चेष्टा केली तो माझा कान वाचवत होता. आणि आज डॉक्टरिणीसमोर मी त्याचं नावसुद्धा घेतलं नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

पेक हूनला सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने कागद हातात घेतला, दोन्ही रेषांवरून बोट फिरवलं आणि रडली. मग डोळे पुसून विचारलं, त्या माणसाला कळवलंस का? मी म्हटलं, कळवतो. ती म्हणाली, ज्या जागी त्याचं नाक कापलंस त्याच जागी कळव.

८ ऑक्टोबर, बुधवार

पहिल्यांदा लिहिलं: "काही तांत्रिक कारणामुळे मुस्तकीम यांच्या जोडीच्या परीक्षणात त्रुटी राहिली." वाचून मलाच किळस आली. लिफ्ट अडकली की आमचं खातं अशाच पाट्या लावतं.

दुसऱ्यांदा सर्दीला पुढे केलं. सर्दी बिचारी, तिची काय चूक.

तिसऱ्यांदा पेक हूनला शेजारी बसवून लिहिलं: "मुस्तकीमच्या जोडीत दोष नव्हता. माझा डावा कान गेला आहे. त्याने हे ओळखलं आणि मला खाजगीत, चांगल्या शब्दांत सांगितलं. मी त्याची थट्टा केली. ज्यांनी माझ्यामुळे त्याच्याकडची मागणी रद्द केली त्यांनी ती पुन्हा नोंदवावी ही विनंती. ही जोडी माझ्या यादीत आजवरच्या सगळ्यांच्या वर आहे. यापुढे ही यादी मी चालवणार नाही." खाली दोन रेषांचा तो कागद लावला.

डॉक्टरकडे किती दिवसांनी गेलो ते लिहिलं नाही. पेक हूनच्या ते लक्षात आलं.

१२ ऑक्टोबर, रविवार

हशा पुन्हा सुरू, या वेळी माझ्यावर, आणि जुन्याच काड्यांचे फोटो. ते चालेल. काही लोक मात्र चांगुलपणाने लिहिताहेत, सर, तुमचा मोठेपणा. ते वाचवत नाही.

अकरापैकी चौघे मुस्तकीमकडे परत गेले. देसिगन म्हणाला, प्रदर्शनातली जागा दुसऱ्याला दिली ती दिली, आता मार्चनंतर बघू. मी त्याच्याशी भांडलो, पण माझ्या भांडण्याला आता काय किंमत?

मुस्तकीमचा मेसेज नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज जोहोरला गेलो. सरहद्दीच्या पुलावर बस दीड तास रखडली, आणि मला वाटत होतं की अजून रखडू दे. काय घेऊन जावं यावर घरी वाद झाला होता. शेवटी पेक हूनने संत्र्यांची पेटी हातात दिली आणि म्हणाली, तोंडाने माफी माग, पेटीने नको.

दार मुस्तकीमच्या बायकोने उघडलं, नोराइनीने. तिने पेटी घेतली, पण आत या म्हणाली नाही. चपला काढून मी तसाच उंबऱ्यात उभा. मग ती म्हणाली, "तो मेसेज तुम्ही लोकांना दाखवलात, तो लिहायला यांना दोन तास लागले होते. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. त्यानंतर रोज सकाळी मला विचारायचे, त्यांचं उत्तर आलं का, गेले असतील का ते डॉक्टरकडे? लोक यांना हसत होते आणि हे तुमचे दिवस मोजत होते."

मग तिने दार पूर्ण उघडलं.

मुस्तकीम मागच्या खोलीत काम करत होता. मला बघून उठला, दोन्ही हातांत माझा हात घेतला, मग स्वतःचा हात छातीला लावला. मी बसमध्ये पाठ केलेलं सगळं बोललो. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मलाच लाज वाटू नये म्हणून तो माझ्याकडे बघत नव्हता, हे मला मधेच कळलं, आणि पुढची दोन वाक्यं गिळली.

माझं संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, "बांग, मग वेळेवर गेलात ना?"

नोराइनी दारात उभी होती.

"हो," मी म्हणालो. "तुमचा मेसेज आला, त्याच्या दुसऱ्याच दिवशी गेलो. डॉक्टरीण म्हणाली, बरं झालं लगेच आलात. बराचसा परत आलाय."

का खोटं बोललो ते नीट सांगता येणार नाही. त्याचे ते दोन तास वाया गेले नाहीत असं त्याला वाटावं, हे एक. आणि खरं सांगायची लाज, हेही होतंच. दोन्हींत कुठलं जास्त होतं हे मी ठरवत नाही.

"अल्हमदुलिल्लाह," तो म्हणाला. त्याचा चेहरा मोकळा झाला. नोराइनी चहा करायला गेली. तो माझ्याशेजारी, माझ्या डाव्या हाताला, स्टुलावर बसला आणि एक अर्धवट साचा घेऊन घासायला लागला. मी समोरच्या भिंतीकडे बघत होतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटत होतं.

काही वेळाने लक्षात आलं की घासणारा हात थांबलाय. वळून बघितलं तर तो माझ्याकडे बघत होता, काहीतरी विचारून उत्तराची वाट बघावी तसा. मी घाईघाईने म्हणालो, "हो, हो, अगदी बरोबर."

त्याने हातातला साचा टेबलावर ठेवला. उठला, स्टूल उचललं, माझ्या पाठीमागून वळसा घालून उजव्या बाजूला आला आणि तिथे बसला.

"मी विचारत होतो," तो म्हणाला, "चहात साखर किती?"

"एक चमचा," मी म्हणालो.